पिल्लाची पहिली रात्र



घरात कुत्र्याचे पिल्लू आले, की त्या दिवसाची दुपार मोठ्या मजेत जाते. पोरेसोरे त्याच्याभोवती गोळा होतात. कोणी त्याला मोत्या म्हणतो, कोणी वाघ्या म्हणतो, कोणी दुधाची वाटी पुढे सरकवतो. पिल्लूही शेपूट हलवते, पायांत घोटाळते, येईल त्याचा हात चाटते. मग दिवेलागण होते, जेवणे उरकतात, अंथरुणे पडतात आणि पिल्लाची रवानगी गोठ्यात नाहीतर परसदारी होते. गळ्यात सुतळी आणि अंगाखाली गोणपाटाचा तुकडा. दिवा मालवून पाच मिनिटे होत नाहीत तोच सुरू होते. आधी नुसती कुईकुई, मग केकाटणे, आणि मग मान वर करून असा हेल काढणे, की शेजारचे घरसुद्धा जागे व्हावे.

आता घरातले एकेक माणूस आपापल्या परीने उपाय सांगू लागते. आजोबा म्हणतात, "रडू द्या, दोन रातीत गप बसंल." थोरला चिडून उठतो आणि एक दणका घालून येतो. आजी अंथरुणातूनच म्हणते, "रात्रीचं दारात कुत्रं रडणं बरं नव्हं बाबा, कुठंतरी नेऊन सोडा त्याला." आणि खरेच, कितीतरी पिल्ले अशी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाजाराच्या वाटेवर नाहीतर ओढ्याकाठी सोडून दिली जातात. पुढे त्यांचे काय होते ते तुम्ही रस्त्याच्या कडेला पाहतच असता.

ही रात्रीची रड कशाची असते आणि ती मारझोड न करता कशी घालवावी, एवढेच आज सांगायचे आहे. विषय तुम्हांला लहान वाटेल. पण ज्या जनावराच्या भरवशावर आपण पुढे दहा-बारा वर्षे दार लोटून झोपणार, त्याला आपला भरवसा वाटतो की आपली धास्ती वाटते, हे बरेचसे या पहिल्या पंधरवड्यात ठरते.

पिल्लू हट्टाने रडत नाही, ही गोष्ट आधी मनाशी पक्की करू. कालच्या रात्रीपर्यंत ते कुठे झोपत होते ते जरा डोळ्यांपुढे आणा. कडब्याच्या गंजीच्या आडोशाला नाहीतर पडक्या भिंतीच्या कोपऱ्यात आई आडवी पडलेली, आणि तिच्या पोटाशी चार-सहा भावंडांचा एकच गोळा. एकाचे तोंड दुसऱ्याच्या पोटावर, तिसऱ्याचा पाय चौथ्याच्या मानेवर. जन्मल्यावर पहिले दोन आठवडे पिल्लाला आपल्या अंगाची ऊब आपली आपण राखता येत नाही. ती आईकडून आणि भावंडांकडून घ्यावी लागते. डोळे उघडतात दहा ते चौदा दिवसांनी, कान त्यानंतर काही दिवसांनी. म्हणजे त्याला जगाची पहिली ओळख होते ती दिसण्यातून नव्हे की ऐकण्यातून नव्हे, ती होते उबेतून आणि वासातून. अशा पिल्लाने जन्मात एकही रात्र एकट्याने काढलेली नसते. आणि आपण त्याला एकाच दिवसात आई, भावंडे, ऊब, वास आणि ओळखीची जागा या सगळ्यांपासून तोडतो, अंधारात बांधतो, आणि वर म्हणतो की गप बस.

रानात पिल्लू आईपासून चुकले तर ते काय करील? तोंडाने हाक देईल. आई त्या आवाजाच्या रोखाने येईल आणि त्याला मानेला धरून उचलून नेईल. चुकलेले पिल्लू गप्प राहिले तर ते थंडीने मरते नाहीतर कोल्ह्या-लांडग्याच्या तोंडी जाते. तेव्हा ही हाक त्याच्या रक्तातच आहे. गोठ्यात केकाटणारे पिल्लू तीच हाक घालीत असते.

या गोष्टीचा शास्त्रज्ञांनी बारकाईने अभ्यास केलेला आहे. अमेरिकेत मेन राज्यात बार हार्बर म्हणून गाव आहे. तेथील जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोघांनी पाच जातींची कुत्री वर्षानुवर्षे वाढवून त्यांच्या स्वभावाची पाहणी केली आणि १९६५ साली त्यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. पिल्लाला एकटे ठेवले की ते किती वेळा ओरडते, याची त्या प्रयोगशाळेत चक्क मोजदाद केली गेली. त्यात असे आढळले, की ओळखीच्या जागेत एकटे ठेवलेले पिल्लू ओरडते खरे. पण अनोळखी जागेत एकटे ठेवलेले पिल्लू त्याहून कितीतरी जास्त ओरडते. या निष्कर्षात आपले निम्मे उत्तर आले. एकटेपणा आणि परकी जागा ही दोन दुःखे आहेत. ती दोन्ही एकाच रात्री पिल्लाच्या डोक्यावर घालू नयेत. आधी जागा ओळखीची करून द्यावी आणि मग, हळूहळू, एकटेपणाची सवय लावावी.

आता आजोबांचे म्हणणे अगदीच खोटे आहे असे मी म्हणणार नाही. दोन-चार रात्री रडून काही पिल्ले गप्प होतात, हे खरे. पण गप्प होणे निराळे आणि निवांत होणे निराळे. हाक घालून घालून कोणी येत नाही असे झाले, की पिल्लू थकून पडते. एवढ्याने त्याची भीती गेली असे होत नाही. अशातले काही कुत्रे पुढे एकटे राहिले की दोरी कुरतडते, दार ओरबाडते; काही माणसाला बिचकते, आणि बिचकणारे कुत्रे एक दिवस चावते. काठीने तर हे नक्कीच बिघडते. पिल्लाने हाक घातली आणि अंधारातून माणूस आला तो मारायलाच आला, तर त्याने माणसाबद्दल काय शिकावे?

आणि आजींनाही हात जोडून एवढेच सांगायचे, की कुत्री एकमेकांना लांबून हाक देण्यासाठी हेल काढतात. दिवसाच्या गलबल्यात तो ऐकू येत नाही, रात्रीच्या शांततेत येतो. रडणाऱ्या पिल्लाला घरावरचे संकट वगैरे काही दिसत नसते. त्याला आई दिसत नसते, म्हणून ते रडते.

पिल्लू आणायचे कधी, हा पुढचा प्रश्न. आपल्याकडे डोळे उघडताच नाहीतर नुकते दुडुदुडु चालू लागताच पिल्लू उचलून आणतात. महिन्याचे पिल्लू दिसायला गोजिरे असते, पोरांना आवरत नाही. पण ते फार लवकर होते. आठ आठवडे, म्हणजे दोन महिने, ते आईजवळच राहिले पाहिजे. तिसऱ्या आठवड्यापासून त्याला दुधाचे दात येऊ लागतात आणि तेव्हापासून एक महत्त्वाचे शिक्षण चालू होते. खेळताना भावंडाला जोराने चावले, की भावंड केकाटून बाजूला होते आणि खेळ मोडतो. दूध पिताना दात लागले, की आई उठून चालू लागते. किती जोराने चावावे आणि कुठे थांबावे, हे पिल्लू तेथे शिकते. हे शिक्षण अर्धवट सोडून आलेले पिल्लू तुमच्या मुलांचे हात फोडते, मग आपण म्हणतो, "जातच खोडसाळ आहे." जातीचा काही दोष नसतो, त्याला शाळेतून लवकर काढलेले असते. आपल्या देशात कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांबद्दल २०१७ साली जे नियम झाले, त्यांतही आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकण्यास मनाई आहे.

पण याला दुसरी बाजू आहे. बार हार्बरच्याच अभ्यासातून असेही दिसले, की साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचे मन ओळखी करून घ्यायला मोकळे असते. काही पिल्ले मोठ्या कुंपणात, माणसाचा स्पर्श न होऊ देता चौदा आठवड्यांपर्यंत वाढवली, तेव्हा ती रानटी जनावरासारखी माणसापासून पळू लागली. तेव्हा पिल्लू आईजवळ ठेवायचे, पण माणसापासून तोडायचे नाही. शेजाऱ्याच्या कुत्रीचे पिल्लू घ्यायचे ठरले असेल, आणि ती कुत्री तुमच्या ओळखीची व शांत असेल, तर मधल्या दिवसांत रोज थोडा वेळ तेथे जा. पिल्लाला हात लावा, त्याच्याशी बोला. मग तुमच्या घरी येताना ते अगदीच परक्याच्या घरी येणार नाही.

आता मुख्य गोष्ट, पहिली रात्र. तिची तयारी आदल्या दिवशीच सुरू होते. एखादे जुने धडुते, लुगड्याचा तुकडा असेल तर उत्तम, आई आणि पिल्ले झोपतात तेथे टाकून ठेवा. दुसऱ्या दिवशी पिल्लाबरोबर ते उचलून आणा आणि मुळीच धुऊ नका. आपल्याला त्याचा वास येईल न येईल. पिल्लाला त्यात अख्खी आई भेटते. आणि पिल्लू आणायचे ते सकाळी आणा. संध्याकाळी आणलेल्या पिल्लाला परक्या जागेची ओळख व्हायला उजेडच मिळत नाही.

झोपण्याची जागा म्हणून टोमॅटोचा क्रेट चांगला, फळांचे लाकडी खोके चांगले, बांबूची खोलगट पाटीही चालेल. कड एवढी उंच असावी की पिल्लाला रात्री आपल्या आपण बाहेर भटकता येऊ नये. लाकडी खोक्याला खिळे वर आलेले नाहीत ना, ते हाताने चाचपून पाहा. तळाला गोणपाट, त्यावर घोंगडीचा तुकडा आणि त्यावर आईच्या वासाचे धडुते. हे खोके दिवसभर घरात उघडे, आडवे ठेवा. त्यात भाकरीचा तुकडा टाका. पिल्लू आत जाईल, बाहेर येईल, दुपारी आपण होऊन त्यात झोपेलही. रात्र होईपर्यंत ती जागा त्याची झालेली असली पाहिजे. रात्री एकदम उचलून खोक्यात कोंबले, तर ते खोक्याला तुरुंगच समजेल.

थंडीचे दिवस असतील तर बाटलीत कोमट पाणी भरून, बूच घट्ट लावून, ती जाड फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवा. चुलीच्या कडेला तापवलेली वीट गोणपाटात गुंडाळून ठेवली तरी तेच काम होते. आपल्या मनगटाला चटका बसत नाही ना, ते आधी पाहायचे. आणि ऊब एकाच बाजूला हवी, म्हणजे पिल्लाला नकोशी झाली तर दुसरीकडे सरकता येते. काही लोक फडक्यात गुंडाळलेले टिकटिक करणारे घड्याळही ठेवायला सांगतात. आईच्या काळजाच्या ठोक्यासारखे ते पिल्लाला वाटते म्हणतात. ठेवायचे तर ठेवा, मात्र त्याचा गजर बंद करायला विसरू नका. माझा विश्वास विचाराल, तर तो वासाच्या फडक्यावर आणि माणसाच्या हातावर जास्त आहे.

आता सगळ्यांत महत्त्वाचे: हे खोके पहिल्या रात्री तुमच्या अंथरुणाला लागून ठेवायचे. नुसता हात लांब केला की पिल्लापर्यंत पोचला पाहिजे. आपण खाली अंथरूण घालून झोपणारी माणसे, त्यामुळे हे सोपेच आहे. कोणी म्हणेल, "आमच्यात कुत्रं उंबऱ्याच्या आत घेत नाहीत." ठीक आहे. घराची रीत मोडायला मी सांगत नाही. मग तुम्ही तुमचे अंथरूण चार-आठ रात्री पडवीत घाला. पिल्लू आत येऊ शकत नसेल तर माणसाने बाहेर जावे. दिवस उन्हाळ्याचे असतील तर निम्मे घर एरवीही अंगणातच झोपते.

रात्रीचे खाणे दिवेलागणीलाच आटपा. दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून चार वेळा थोडे थोडे द्यावे लागते; त्यातले हे शेवटचे. भाकरीचा मऊ काला, त्यात थोडे वरण, उकडलेले अंडे असले तर फारच चांगले. दुधाचा मारा करू नका, गाई-म्हशीच्या दुधाने पुष्कळ पिल्लांना ढाळ लागतात आणि मग रात्र कोणालाच धड जात नाही. कांदा-लसणाचे कालवण आणि पोरांच्या हातातले चॉकलेट कुत्र्याला बाधते, ते अजिबात देऊ नका. खाणे झाल्यावर पोरांना त्याच्याशी तासभर खेळू द्या, म्हणजे ते दमेल. निजण्याच्या अगदी आधी बाहेर नेऊन त्याची लघवी होऊ द्या, आणि मग खोक्यात ठेवा.

आणि तरीही ते रडेल. सगळे सांगितल्याप्रमाणे केले तरी पहिल्या रात्री थोडे रडेलच. तेव्हा काय करायचे? दिवा लावू नका, मोठ्याने बोलू नका, उचलून घेऊ नका. अंथरुणातूनच हात खोक्यात सोडा आणि त्याच्या पाठीवर ठेवा. कोणीतरी जवळ आहे एवढेच त्याला हवे असते. बहुतेक पिल्ले हाताला नाक लावून झोपी जातात. काढून घेतलेला हात पुन्हा एकदा, पुन्हा दोनदा ठेवावा लागला, तर ठेवावा.

दोन-तीन तासांनी मात्र ते पुन्हा चुळबुळू लागले, खोक्यात गोल फिरू लागले, तर ती हाक वेगळी. त्याला लघवी लागलेली असते. दोन महिन्यांच्या पिल्लाला त्याहून जास्त वेळ दम धरवत नाही. जनावर आपल्या झोपण्याच्या जागी घाण करायला नाखूश असते, म्हणून ते सांगते. अशा वेळी मुकाट्याने उठा, रोजच्या एकाच ठरलेल्या जागी न्या, लघवी झाली की "शाबास" म्हणा आणि परत खोक्यात ठेवा. लाड नाहीत, खेळ नाही, खाणे नाही. हाक घातली की दूध मिळते असा हिशेब त्याच्या डोक्यात एकदा बसला, की ते रोज मध्यरात्री पंगत मागेल, आणि मग दोष आपलाच. या दोन गोष्टींतला फरक पाळणे हेच थोडे कौशल्याचे काम आहे. भीतीला धीर द्यायचा. चैनीला मात्र दाद द्यायची नाही.

तिसरी एक रड असते, ती दुखण्याची. उलट्या होत असतील, रक्ताचे ढाळ होत असतील, पिल्लू पाण्याकडेही पाहत नसेल, तर ती एकटेपणाची रड नव्हे. हात ठेवून ती थांबणार नाही. उजाडताच पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. लहान पिल्लांना होणारा पार्व्हो नावाचा आजार दोन-तीन दिवसांत जीव घेतो. त्याची लस असते, आणि तिची पहिली मात्रा सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सुरू करतात. जंताचे औषधही डॉक्टरांना विचारून वेळेवर द्या. पोटात जंत असलेले पिल्लू रात्री स्वस्थ झोपत नाही.

चार-पाच रात्री शांत गेल्या, की खोके हातभर दूर सरकवा. दोन रात्रींनी आणखी हातभर. मग दाराजवळ, मग दाराबाहेर, दार उघडे ठेवून. मग दार लोटून. एखाद्या टप्प्यावर रड पुन्हा सुरू झाली, तर चिडायचे कारण नाही. एक पाऊल मागे या, दोन रात्री थांबा, आणि पुन्हा पुढे सरका. एखादे पिल्लू आठ दिवसांत पडवीत झोपू लागते, एखाद्याला तीन आठवडे लागतात. लहान मूल पाळण्यातून अंथरुणावर येते तेव्हा आपण तारखा बघतो का?

याच्या जोडीला दिवसाही थोडी सवय करावी लागते. पिल्लू खाऊन, खेळून सुस्तावले, की त्याला त्याच्या खोक्यात ठेवून दोन मिनिटे नजरेआड व्हा आणि परत या. मग पाच मिनिटे, मग पंधरा. जाताना गोंजारणे नको, आल्यावर गळ्यात पडणे नको. पाणी आणायला गेल्यासारखे जायचे आणि आल्यासारखे यायचे. माणूस जातो तसा परत येतो, ही खात्री त्याला पटली, की रात्रीचे काम निम्म्याने सोपे होते.

येथे शेतकरी बंधूंचा एक आक्षेप हमखास येतो. "आम्हाला राखणीला कुत्रं पाहिजे. असं मांडीवर घेऊन वाढवलं तर ते लाडावेल, चोराला भुंकायचं नाही." हा समज कसा पडला असेल कोण जाणे! आपल्या धनगरांचे कुत्रे पाहा. लांडग्याला अंगावर घेणारे ते जनावर. ते पिल्लू असताना एकटे बांधून कडक केलेले नसते. ते कळपात, वाड्यावर, मेंढरांच्या उबेत आणि धनगराच्या पोरांच्या संगतीत वाढते. ज्यांच्यात ते वाढते ते त्याचे होतात, आणि जे आपले, त्यांची ते राखण करते. कुत्रा भुंकतो तो आपले आणि परके ओळखून. आपले कोण हेच ज्याला कळले नाही, ते परक्याला काय ओळखणार? भेदरलेले कुत्रे भुंकते खरे, पण ते पोस्टमनवर, शाळेच्या पोरांवर आणि घरच्या पाहुण्यावर. आणि खरा चोर आला की खाटेखाली शिरते.

आणि राखणीचे काम दोन महिन्यांच्या पिल्लाचे नव्हेच. गोठ्यात त्याला बैलाचा पाय लागू शकतो, साप-विंचू असतात, गोचीड असतात. बिबट्याच्या मुलखात तर रात्री पिल्लू उघड्यावर बांधणे म्हणजे ते बिबट्याच्या ताटात वाढून ठेवणे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले भागात, उसाच्या शेतांत वावरणाऱ्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के भाग पाळीव व गावातल्या जनावरांचा निघाला, आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के होता. शेळ्या-करडांपेक्षाही तेथे बिबट्या कुत्र्यावर जगतो. अंधारात केकाटणारे पिल्लू आपला ठावठिकाणा स्वतःच सांगत असते. जुन्नर, अकोले, संगमनेर या बाजूच्या मंडळींना हे जास्त सांगायला नको. तेथे मोठा कुत्रासुद्धा रात्री बंद दाराच्या आत असावा.

साखळीबद्दलही दोन शब्द. पिल्लाला रात्री गळ्यात दोरी बांधून ठेवू नका. खोक्यावरून उडी मारताना फास बसून पिल्ले मेली आहेत. मोठ्या कुत्र्याला बांधावे लागले तरी साखळी आखूड आणि जड नको, आणि जन्मभर एका खुंट्याला नको. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आपल्याकडे आहे. फार आखूड किंवा फार जड साखळीला जनावर अवाजवी वेळ बांधून ठेवणे, आणि नेहमी बांधलेल्या कुत्र्याला मोकळे फिरवण्याची टाळाटाळ करणे, हे दोन्ही त्या कायद्याने गुन्हे ठरवलेले आहेत.

शिक्षक बंधुभगिनींनो, आता थोडे तुमच्याशी बोलतो. खेड्यात पिल्लू घरी येते ते बहुधा मुलाच्या दप्तराबरोबर. शाळेच्या वाटेवर सापडले, उचलले, आणले. तेव्हा या साऱ्या गोष्टी मुलांपर्यंत पोचवायच्या तर त्या तुमच्याच तोंडून पोचतील. पण सगळ्यांच्या आधी त्यांना पिसाळण्याचा रोग सांगा. अनोळखी कुत्रीची पिल्ले उचलायची नाहीत, पिल्ले असलेल्या कुत्रीजवळ जायचे नाही. पिल्लालासुद्धा हा रोग होऊ शकतो, आणि त्याच्या दुधाच्या दाताने उमटलेला बारीक ओरखडाही हसण्यावारी न्यायचा नाही. "पिल्लूच तर चावलं" म्हणून मुले घरी सांगत नाहीत, आणि घातच होतो. या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली, की माणूस वाचत नाही म्हटले तरी चालेल. पण लक्षणांच्या आधी वेळेवर लस घेतली, तर तो टाळता येतो. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची. चुना, हळद, तिखट काही भरायचे नाही. तसेच उठून सरकारी दवाखान्यात जायचे आणि लसीच्या सांगितल्या तेवढ्या सगळ्या मात्रा पुऱ्या करायच्या. घरच्या पिल्लाला तीन महिन्यांचे झाले की ही लस टोचून घ्यायची आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी, बहुधा दरवर्षी. फ्रान्समध्ये लुई पाश्चरने १८८५ च्या जुलैत जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला ही लस पहिल्यांदा दिली आणि तो मुलगा जगला. ही गोष्ट मुले कान देऊन ऐकतात. पाश्चरचा स्मृतिदिन २८ सप्टेंबर. तोच जगभर रेबीज दिन म्हणून पाळतात. शाळेत हा पाठ घ्यायला तो दिवस सोयीचा.

आणि मुलांना गोष्टच सांगायची असेल तर महाभारताच्या आदिपर्वात सरमेची आहे. जनमेजय राजाचा यज्ञ चालला असताना एक पिल्लू तेथे आले. राजाच्या भावांनी त्याला बडवले. ते रडत आईकडे, सरमेकडे गेले. आई आधी त्यालाच विचारते, की तू काही आगळीक केली असशील. ते म्हणते, मी यज्ञातल्या वस्तूंकडे पाहिलेसुद्धा नाही, चाटणे तर दूरच. तेव्हा सरमा उठून यज्ञमंडपात गेली आणि तिने राजाला जाब विचारला: याने काही केले नाही, मग मारलेत का? कोणाला उत्तर देता आले नाही. तिने शाप दिला, तुझ्यावर नकळत संकट येईल. एवढ्या मोठ्या ग्रंथाच्या आरंभीच्या भागातच एका पिल्लाच्या रडण्याची दाद लागली आहे. वर्गात हे सांगून मुलांना विचारून पाहा, की तुमच्या घरचे पिल्लू रात्री रडले तेव्हा काय केले. वहीत रोजच्या रात्रीची नोंद ठेवायला सांगा: किती वेळा रडले, कशाने थांबले, खोके किती हात सरकले. निसर्गविज्ञानाचा याहून सोपा प्रयोग खेड्यातल्या शाळेला मिळायचा नाही, आणि त्याला खर्चही काही नाही.

शेवटी एक बारीकशी सूचना. पावसाळ्यात आणलेले पिल्लू दिवाळीपर्यंत पडवीत सरावून गेलेले असते, आणि आता काम झाले असे आपल्याला वाटते. पण त्याचा हा पहिलाच फटाक्यांचा आवाज. कुत्र्याचा कान आपल्याहून कितीतरी तिखट. पहिल्या बाराला ते जे पळत सुटते ते कित्येकदा घरी परत येत नाही. तेव्हा वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत खोके पुन्हा आत घ्या, खिडकीला गोणपाट लावा, आणि दारूकामाच्या वेळी घरातले कोणीतरी त्याच्याजवळ बसा. भाऊबीज उलटली, की खोके पूर्वीसारखे हातभर, हातभर सरकवत पुन्हा पडवीत न्यायला हरकत नाही.